रिंगपर्यंतचा रस्ता : जतच्या दोन कारवानांचा बंगळूर प्रवास

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एका डाळिंब बागायतदाराच्या वस्तीवर कारवान जातीच्या कुत्र्यांची दोन सख्खी भावंडं आहेत. मादी हरणी, नर वाघ्या, वय अडीच वर्षं. फेब्रुवारीत बंगळूरला होणाऱ्या डॉग शोमध्ये दोघांना उतरवायचं असं घरच्यांनी दिवाळीत ठरवलं आणि लसीकरणाच्या निमित्ताने माझ्याकडे विषय काढला. घरातले कर्ते, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांनी एकच विचारलं, "डॉक्टर, ही कुत्री एवढ्या लांब न्यायची कशी? ह्यांनी तर जतचं स्टँडबी बघितलं नाही."

त्या प्रश्नाचं उत्तर देता देता जे जे करावं लागलं, ते इथे नीट लिहून ठेवतो आहे. शोचा निकाल रिंगमध्ये, म्हणजे परीक्षक कुत्री तपासतात त्या आखलेल्या जागेत लागतो, पण कुत्रं कोणत्या अवस्थेत रिंगमध्ये पाऊल ठेवणार हे रस्त्यात ठरतं. कारवानच्या बाबतीत तर हा एका घराचा प्रश्न राहत नाही. हे कुत्रं खेड्यातलं आणि शो शहरात. ज्यांना प्रवास जमतो आणि परवडतो त्यांचीच कुत्री परीक्षकांच्या नजरेला पडतात, आणि जातीचं रूप कसं असावं याची चर्चा तेवढ्या कुत्र्यांवरच होते.

शोला का जायचं

कारवान हे दख्खनच्या माळरानाचं कुत्रं. लातूर, सोलापूर, सांगलीपासून विजापूर, बागलकोटपर्यंत ते पाळलं जातं. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, निमुळतं डोकं. नजरेने सावज हेरायचं आणि धावून गाठायचं, हे त्याचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. नर साधारण 68 ते 72 सेंटिमीटर उंच, मादी थोडी कमी. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने या कुत्र्यांना आश्रय दिला म्हणून कर्नाटकात ते मुधोळ म्हणूनच ओळखलं जातं. 2005 साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. 2016 मध्ये सैन्याने मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण द्यायला घेतलं, तेव्हा आमच्या भागात त्याची बरीच चर्चा झाली होती.

पण वस्तीवरचं वास्तव वेगळं आहे. वन्यजीव कायद्याने सशाची शिकार बंद झाली, आणि ती बंद व्हायलाच हवी होती. त्यानंतर या कुत्र्याला राहिली राखण आणि शर्यत. शर्यतीत अर्धा सेकंद कमी करायचा म्हणून ग्रेहाउंडचा संकर सुरू झाला. आज माझ्याकडे 'प्युअर कारवान' म्हणून येणाऱ्या पिल्लांच्या कानांची ठेवण आणि मांड्यांची जाडी बघितली की आजोबा कोण असणार याचा अंदाज येतो. अशा काळात अस्सल बांध्याचं जनावर कुणीतरी जाणकाराने हात लावून तपासावं, त्याची नोंद व्हावी, त्याची पिल्लं नोंदणीने जावीत, याला फार किंमत आहे. अप्पांना ढालीची हौस होती आणि ती असायला काहीच हरकत नाही. मला मात्र हरणीची नोंद व्हायला हवी होती. तिची चाल बघितली की शर्यतीच्या कुत्र्यांच्या गर्दीत आपण काय हरवतो आहोत ते कळतं.

कागद

शोसाठी केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी आणि मायक्रोचिप लागते. भावंडांच्या आईबापांची नोंद नव्हती. खेड्यातल्या भारतीय जातींबाबत हे नेहमीचंच, म्हणून अशा कुत्र्यांना परीक्षकांकडून तपासून घेऊन अज्ञात वंशावळ म्हणून नोंदवण्याची वाट ठेवलेली आहे. ते आधीच्या हंगामात जवळच्या शोमध्ये झालं होतं. चिप पंधरा आकडी, दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसते. एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे ही जात कारवान हाउंड म्हणून नोंदली जाते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे मुधोळ हाउंड म्हणून. ज्या क्लबचा शो, त्या क्लबच्या कागदावरचं नाव एन्ट्रीत घालायचं. घरी जे म्हणतो ते फॉर्मवर लिहिलं की कॅटलॉग छापताना घोळ होतो.

प्रवासासाठी वेगळे कागद. प्राण्यांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम कुत्र्यांनाही लागू आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत, कारण ते अनुभवातून आलेले दिसतात. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. निघण्यापूर्वी किमान दोन तास आधी खाणंपाणी झालेलं हवं, आणि शक्य तितक्या उशिरा म्हणजे अगदी निघता निघता फिरवून आणायचं. उन्हाळ्यात दर चार तासांनी, थंडीत दर सहा तासांनी पाणी. मोठ्या कुत्र्याला बारा तासांत एकदा खाणं. गाभण कुत्री शेवटच्या दिवसांत न्यायची नाही आणि माजावरची मादी नराबरोबर न्यायची नाही. हे शेवटचं कलम आमच्या प्रकरणात महत्त्वाचं होतं. हरणी मागच्या खेपेला ऑगस्टच्या सुरुवातीला माजावर आली होती. सहा-सात महिन्यांचा फेरा धरला तर फेब्रुवारी म्हणजे नेमकी वेळ. म्हणून पहिल्यापासून दोन पिंजरे आणि मधे प्लायवूडचा आडोसा असंच ठरलं.

रेल्वे की रस्ता

अप्पांच्या थोरल्या मुलाचा ओढा रेल्वेकडे होता. मिरजेहून बसायचं, सकाळी बंगळूर. कागदावर ते सोपं दिसतं. रेल्वेत कुत्रं प्रवाशाबरोबर न्यायचं तर फर्स्ट एसीतच, आणि तेही आख्खा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन आपल्या नावावर असेल तर. एसी टू, थ्री, स्लीपर, चेअर कार कुठेही परवानगी नाही. कूपे मिळणार की नाही हे चार्ट लागल्याशिवाय कळत नाही. आधी लेखी अर्ज देता येतो, बहुतेकदा मान्यही होतो, पण शब्द कुणी देत नाही. केबिनमध्ये अनोळखी प्रवासी आले आणि त्यांची हरकत असली की उरतो गार्डच्या ब्रेकव्हॅनमधला डॉग बॉक्स.

तो डॉग बॉक्स मी मुलाला मुद्दाम मिरज स्टेशनवर नेऊन दाखवला. लोखंडी कप्पा, खाली पत्रा, समोर जाळी. लॅब्राडोर कसाबसा बसेल. सत्तर सेंटिमीटर उंचीच्या कारवानाला त्यात मान ताठ करून उभं राहता येत नाही. गाडी थांबेल तेव्हा मालकाने फलाटावरून धावत येऊन पाणी पाजायचं, तेही गार्डने दार उघडलं तर. शोला चाललेल्या कुत्र्याचे पाय आणि पाठ रात्रभर आखडून ठेवायची आणि सकाळी परीक्षकाला चाल दाखवायची, हे गणित जमत नाही. मुलगा परत येताना काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच बोलेरोची सीट मोजायला घेतली.

विमानाचा विचार फार वेळ टिकला नाही. या वजनाचं कुत्रं केबिनमध्ये घेत नाहीत, सामानाच्या भागात जावं लागतं. कधी पिंजरा न पाहिलेल्या जनावराला पहिलाच अनुभव तो द्यायला माझा साफ नकार होता.

राहिला रस्ता. जत, विजापूर, मग राष्ट्रीय महामार्ग 50 ने हुनगुंद, इरकल, कुष्टगी, होस्पेट, चित्रदुर्ग आणि तिथून पुणे-बंगळूर महामार्ग. जवळजवळ सहाशे किलोमीटर. शुक्रवारी पहाटे निघायचं, रात्रीपर्यंत पोचायचं, शनिवार पूर्ण विश्रांती, रविवारी शो. शनिवार वाचवून थेट शोच्या पहाटे पोचण्याचा बेत बरेच जण करतात, लॉजचा खर्च टळतो म्हणून. त्यात कुत्र्याचा बळी जातो. लांबच्या प्रवासानंतर पोट ताळ्यावर यायला आणि पाय मोकळे व्हायला एक दिवस लागतोच.

पिंजरा

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा पिंजरा आहे. वस्तीवर मोकळं वाढलेलं कुत्रं. रात्री मोकळं, दिवसा लिंबाखाली साखळीला. चार बाजूंनी बंद जागा त्याने पाहिलेली नाही. सात-आठ हजारांचा तयार पिंजरा आणून आदल्या दिवशी त्यात कोंबला, तर ते कुत्रं दात जाळीवर घासून हिरड्या रक्ताळून घेणार आणि परीक्षक पहिल्यांदा दातच बघणार.

जतच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन पिंजरे करून घेतले. मापासाठी विमानकंपन्या वापरतात तेच सूत्र वापरलं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा, म्हणजे पिंजऱ्याची लांबी. रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची कुत्रं ताठ उभं असताना डोक्यापर्यंत, वर चार बोटं. एक इंची चौकोनी पाइप, बाजूला जाळी. पहिला पिंजरा आला तेव्हा मी आत हात घालून प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. तीन ठिकाणी वेल्डिंगचे थेंब सुईसारखे वर राहिले होते. कारवानची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, केस आखूड. एका वळणावर कुत्रं त्या जोडावर रेललं की चीर पडलीच. वेल्डिंगवाल्याने ग्राइंडर फिरवला, वरून जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. खाली प्लायवूड, त्यावर गोठ्यात घालतात तो रबरी मॅट, त्यावर जाड गोधडी. हाडकुळ्या कुत्र्याला कोपरावर आणि मांडीवर घट्टे लवकर पडतात, म्हणून गोधडीत काटकसर नको.

पुढचे आठवडे पिंजरा अंगणात, दार काढून ठेवलेला. भाकरी-दुधाचं भांडं आधी दारात, मग आत, मग अगदी मागच्या कोपऱ्यात. वाघ्या चौथ्या दिवशी आत झोपला. हरणी आत जाऊन खायची, पण मागचा एक पाय बाहेर ठेवून. तो पाय आत यायला डिसेंबर उजाडला. अप्पांच्या सूनबाईंनी तो वेळ दिला, कुणीही तिला ढकललं नाही, आणि पुढे रस्त्यात ती जी शांत राहिली ती त्यामुळेच. मग दार लावून पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग पिंजरा गाडीत. पहिली फेरी डांबरी रस्त्यापर्यंत, मग डफळापूर, मग विजापूर. वाघ्याच्या तोंडाला लाळ सुटायची. गाडी लागण्याचं ते पहिलं लक्षण, उलटी त्यानंतर येते. लाळ दिसली की थांबायचं आणि खाली उतरवायचं, उलटीपर्यंत जाऊ द्यायचं नाही, एवढ्या शिस्तीने महिन्याभरात ते पुष्कळ कमी झालं.

याच काळात आठवडी बाजारात नेणं, भोंग्याचा आवाज, अनोळखी माणसाने ओठ वर करून दात बघणं, गुळगुळीत फरशीवर चालवणं, हेही चालू होतं. ओठ वर करायला शेजारच्या वस्तीवरची पोरं रोज संध्याकाळी हौसेने यायची.

अप्पांनी एकदा झोपेच्या इंजेक्शनचा विषय काढला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की टोचलं की बंगळूरपर्यंत डोळा उघडत नाही. मी ठामपणे नाही म्हटलं. गुंगीतलं कुत्रं वळणावर तोल सावरू शकत नाही. त्याचा रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते. त्यातून या वाऱ्यासारख्या पळणाऱ्या जातींच्या अंगात चरबी नाही आणि काही भुलीची औषधं त्यांच्या यकृतातून फार सावकाश बाहेर पडतात. ग्रेहाउंडवर हे नीट अभ्यासलं गेलं आहे, आणि कारवानची घडण त्याच वळणाची.

रस्ता

पहाटे चारला निघालो. आदल्या संध्याकाळी हलकं खाणं, पहाटे थोडं पाणी, मग शेताच्या बांधावरून लांब फेरी. बरोबर घरचं पाणी दोन कॅन, घरचंच ज्वारीचं पीठ, उकडलेली अंडी. पाणी आणि खाणं एकदम बदललं की ताणाने आधीच हळवं झालेलं पोट बिघडतं. विजापूर ओलांडलं तेव्हा तांबडं फुटत होतं. मुधोळ उजव्या हाताला दूर राहिलं. अप्पा म्हणाले, "परतीला तिम्मापूरला जाऊया का?" मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे. परतताना ते जमलं नाही, पण अप्पांच्या मनात ते आहे.

कुष्टगीच्या अलीकडे चहाला थांबलो आणि तिथे ते घडलं, ज्यामुळे वाघ्याचा शो संपला. दृष्टीने शिकार करणाऱ्या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साधा पट्टा कितीही आवळा, कुत्रं मागे सरकलं आणि डोकं खाली घातलं की तो निघतो. म्हणून दोघांसाठी मार्टिंगेल पट्टे आणले होते. कुत्रं मागे ओढू लागलं की दुसरा छोटा फास ओढला जातो आणि मानेभोवतीचा पट्टा ठरावीक मर्यादेपर्यंत घट्ट होतो, गळा मात्र आवळत नाही. गाडीत बसवताना धाकट्या मुलाने वाघ्याच्या गळ्यात नेहमीचा घुंगरांचा चामडी पट्टा राहू दिला होता. शोला चाललाय म्हणून. रस्त्यापलीकडे धनगरांचा कळप चालला होता. वाघ्याने एकदा कान टवकारले, दोन पावलं मागे आला, आणि पट्टा मुलाच्या हातात राहिला.

हमरस्त्यावर ट्रक चालू होते. तो पलीकडे सुखरूप गेला, यात आमचं कर्तृत्व शून्य. कळपात घुसला नाही, कडेने धावला, एका शेळीला वळवून पुढे काळ्या रानात दूर गेला. मुलं त्याच्यामागे धावायला निघाली. अप्पांनी त्यांना हात धरून थांबवलं. कारवानामागे धावलं की त्याला ती शर्यत वाटते. अप्पांनी हरणीला पिंजऱ्यातून काढून रस्त्याच्या कडेला बसवलं आणि रोज संध्याकाळी खाणं देताना जी शीळ घालतात ती घातली. धनगराने कन्नडमध्ये काहीतरी ओरडून आपली कुत्री आवरली. त्या माणसाचे उपकार आहेत, त्याच्या कुत्र्यांनी वाघ्याला घेरलं असतं तर मोठा प्रसंग होता. थोड्या वेळाने वाघ्या दमून, जीभ बाहेर काढून, हरणीच्या रोखाने सरळ चालत आला. उजव्या पुढच्या पायाच्या गादीला काचेची चीर गेलेली. मी ती मिठाच्या पाण्याने धुतली, आतला तुकडा चिमट्याने काढला, पट्टी बांधली. चीर खोल नव्हती, पण दोन दिवसांत भरणारीही नव्हती.

होस्पेटजवळ दुपारचं ऊन चढलं. बोलेरोचा एसी पुढच्या सीटपर्यंत पोचतो, मागे पिंजऱ्यांपर्यंत नाही. आता हरणी जोरजोरात धापा टाकू लागली आणि पाण्याला तोंड लावेना. थर्मामीटर लावला, 104.2. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइटच्या आसपास. 105 च्या पुढे गेलं की घाई करायची वेळ येते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच उष्णता बाहेर जाते, आणि बंद गाडीत हवा दमट झाली की तोही मार्ग थकतो. चिंचेच्या सावलीत उतरवलं, पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने ओले केले, दोन्ही बाजूंनी वारा घातला.   अर्ध्या तासात 102.8. मग मागच्या दोन्ही खिडक्यांना ओली गोणपाटं टांगली, पुढच्या एसीचा झोत मागे वळवायला पुठ्ठ्याची नळी लावली आणि दोन ते चार सावलीतच काढले. गाडी उभी करून सगळे जेवायला गेले आहेत असं या प्रवासात एकदाही होऊ दिलं नाही. बाहेर हवा बरी वाटत असली तरी बंद गाडीतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढतं.

टोलनाक्यावर एका तरुणाने आम्हाला अडवलं. फासळ्या दिसणारी दोन कुत्री लोखंडी पिंजऱ्यात, त्यातल्या एकाच्या पायाला पट्टी. त्याला संशय आला यात नवल नाही, आणि त्याने विचारलं हे मला आवडलं. दाखला दाखवला, पाणी पाजण्याच्या वेळा लिहिलेली वही दाखवली, कारवानाच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं हेच त्याचं योग्य वजन असतं हे सांगितलं. त्याने कुत्र्यांचे फोटो काढले आणि आम्हाला वाट मोकळी करून दिली.

बंगळूरला रात्री उशिरा पोचलो. कुत्री घेणारं लॉज शोधण्यात दोन आठवडे गेले असते, पण अप्पांचे मावसभाऊ तिथे गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम करतात. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई कारागीर कुटुंबं देशातल्या बहुतेक सराफ बाजारांत आहेत, आणि दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला परगावी त्यांचाच आधार असतो. दुकानाच्या वरच्या खोलीत जागा होती, ती मी नाकारली. सोनं गाळताना तेजाबाच्या वाफा निघतात, आणि कुत्र्याच्या नाकाघशाला त्या सोसत नाहीत. त्यांचं राहतं घर जरा लांब होतं, त्याच्या गच्चीवर दोघांची सोय झाली. वहिनींनी रात्री अकरा वाजता भाकरी थापल्या, आधी कुत्र्यांसाठी.

रिंग

शनिवारी वाघ्या फरशीवर चालताना पाय उचलून धरत होता. धाकटा मुलगा म्हणाला, वेदनेचं इंजेक्शन दिलं तर पाच मिनिटं धावेल. धावला असता. पण रिंगमध्ये चाल बघून निर्णय देतात. औषधाने झाकलेली चाल दाखवणं म्हणजे परीक्षकाला फसवणं, आणि वर ती जखम फाटली असती ते वेगळंच. अप्पांनी निर्णय घ्यायला क्षणभरही लावला नाही. वाघ्या गच्चीवर राहिला, मुलगा त्याच्याजवळ बसला. त्या मुलाने त्या दिवशी स्वतःहून शोला येणं टाळलं, याचं मला फार कौतुक आहे.

हरणी ओपन क्लासमध्ये उतरली. मैदान हिरवळीचं, शेजारच्या रिंगमध्ये डोबरमन भुंकत होते, भोंग्यावर नावं पुकारली जात होती. आठवडी बाजार इथे कामी आला. ती एकदा दचकली आणि मग थोरल्या मुलाच्या गुडघ्याला अंग लावून उभी राहिली. परीक्षकांनी ओठ वर केले, दात बघितले, खांद्यापासून कंबरेपर्यंत हात फिरवला. ती हलली नाही. मग त्रिकोणात चालवायला सांगितलं. पहिल्या बाजूला मुलाने लीड घट्ट धरल्याने तिची मान वर ओढली गेली आणि पावलं आखूड पडली. दुसऱ्या बाजूला त्याने हात सैल सोडला आणि हरणी सुटली. जमिनीलगत, लांब, सहज पावलं, पाठीची रेघ अजिबात न हलता. रिंगबाहेर उभे असलेले दोन जुने पाळणारे बोलता बोलता थांबले.

मादींमध्ये तिला दुसरा क्रमांक मिळाला. पहिली आलेली बंगळूरचीच होती आणि माझ्या मते निर्णय योग्य होता. तिचा बांधा हरणीइतकाच चांगला होता आणि ती रिंगला सरावलेली होती. परीक्षक नंतर मुलाशी बोलले. चालीबद्दल चांगलं बोलले आणि पुढे म्हणाले की कुत्री थकलेली दिसते, डोळ्याखाली ओढ आहे. शनिवारच्या विश्रांतीनंतरही होस्पेटची दुपार तिच्या चेहऱ्यावर होती.

परत आल्यावर

शोमध्ये शेकडो कुत्री एकमेकांच्या नाकाला नाक लावतात. परतल्यावर दोघांना दोन आठवडे वस्तीवरच्या बाकी कुत्र्यांपासून वेगळं ठेवलं, भांडी वेगळी, पिंजरे ब्लीचच्या पाण्याने धुतले. पाचव्या दिवशी हरणीला कोरडा खोकला सुरू झाला, घशात काही अडकल्यासारखा. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांमधला संसर्गाने पसरणारा खोकला. लस दिलेली असली तरी तो होऊ शकतो, फक्त जोर कमी असतो. आठवड्याभरात बरा झाला, आणि वेगळं ठेवल्यामुळे वस्तीवरच्या लहान पिल्लांपर्यंत पोचला नाही. वाघ्याची गादी तीन आठवड्यांनी भरली. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधण्याचं काम महिनाभर रोज चाललं, कारण गोचीडतापाची लक्षणं बऱ्याचदा उशिरा दिसतात.

अप्पांनी सगळा खर्च वहीत मांडला होता. डिझेल, टोल, पिंजरे, चिप, लसी, एन्ट्री फी. आमच्याकडे कारवानच्या पिल्लाला जी किंमत मिळते तिच्या कित्येक पट तो होता. डाळिंबाचं वर्ष बरं गेलं म्हणून त्यांना जमलं. त्याच गावात शेजारच्या धनगरवाड्यावर एक नर आहे, वाघ्यापेक्षा उजवा, छातीला खोल, मानेला सुरेख. तो कधीच बंगळूरला जाणार नाही, पुण्यालाही नाही. त्याच्यावर कुठल्या परीक्षकाचा हात पडणार नाही, त्याची पिल्लं कागदावर येणार नाहीत, आणि दोन-तीन पिढ्यांत त्याचं रक्त कुठल्यातरी शर्यतीच्या संकरात विरून जाईल.

म्हणून क्लबांकडे माझं मागणं आहे. भारतीय जातींसाठी निदान वर्षाआड एक तपासणी आणि एक रिंग जतसारख्या तालुक्याच्या ठिकाणी घ्या. सांगली, सोलापूर, लातूर, विजापूर, कुठेही. मोठा मांडव नको, ढाली नकोत. तीन जाणकार परीक्षक, एक चिपरीडर, एक सपाट मैदान पुरे. तीन माणसांनी सहाशे किलोमीटर येणं हे साठ कुत्र्यांनी सहाशे किलोमीटर जाण्यापेक्षा स्वस्त आहे आणि कुत्र्यांच्या तब्येतीला बरं आहे. मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची यात्रा भरते, जनावरांचा बाजार भरतो, आसपासच्या तालुक्यांतली माणसं येतात. तिथे हे सहज होईल.

तोवर जे जमतं ते चालू आहे. पुढच्या हंगामात पुण्याला जायचं ठरलं आहे, अंतर निम्म्याहून कमी. जतच्या आणखी दोन घरांनी गाडी वाटून घ्यायची तयारी दाखवली आहे. धनगरवाड्यावरच्या त्या नराची चिप मी मागच्या महिन्यात बसवली. त्याच्या मापाचा पिंजरा टाकायला सांगितला आहे आणि वेल्डिंगवाल्याला जोड आधीच घासून ठेवायला बजावलं आहे. चामडी घुंगरांचे पट्टे अप्पांनी खुंटीला लावले आहेत, गाडीत फक्त मार्टिंगेल.